मागच्या भिंतीवरचा आवाज : सराउंड स्पीकरचा इतिहास

श्रोत्याच्या बाजूला किंवा पाठीमागे बसवलेल्या स्पीकरला सराउंड स्पीकर म्हणतात. समोरचे डावे-उजवे स्पीकर कसे असावेत, याबद्दल आता फारसे मतभेद उरलेले नाहीत. सराउंड स्पीकरबद्दल मात्र परस्परविरोधी सल्ले आजही मिळतात. तो भिंतीवर उंच लावावा असे एक जण सांगतो, कानाच्या पातळीला ठेवावा असे दुसरा सांगतो. आकाराने लहान चालतो असे एक मत, समोरच्याच्या तोडीचा हवा असे दुसरे. आवाज नेमका कुठून येतो ते कळू नये असे काही जण म्हणतात, तर ते अचूक कळावे असा काहींचा आग्रह असतो. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर होता. ध्वनिमुद्रणाची पद्धत बदलत गेली तसे मागच्या स्पीकरकडे काय पाठवायचे हेही बदलले, आणि त्याला साजेसा स्पीकर घडत गेला. ही वाटचाल क्रमाने पाहिली की कोणता सल्ला कोणत्या काळातला आहे ते उमगते आणि निवड सोपी होते.

विजेच्या आधी आणि नंतर

श्रोत्याला वेढणाऱ्या संगीताची ओढ यंत्रांपेक्षा जुनी आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये सोळाव्या शतकात गायक-वादकांचे ताफे वेगवेगळ्या जागी विभागून गात-वाजवत असत, आणि जिओव्हान्नी गॅब्रिएली यांनी अशा विभागलेल्या ताफ्यांसाठी रचना केल्या. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांच्या १८३७ मध्ये सादर झालेल्या ‘रेक्विएम’मध्ये पितळी वाद्यांचे चार ताफे मुख्य वृंदाच्या चार कोपऱ्यांना ठेवण्याची सूचना आहे.

तारेतून असा अनुभव देण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात झाला. क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे ट्रान्समीटर लावले. प्रदर्शनातला श्रोता दोन कानांना दोन वेगळे रिसीव्हर लावून गाणे ऐके, आणि गायक रंगमंचावर इकडून तिकडे चालला की ते त्याला कळे. यामागचे कारण इंग्लिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये स्पष्ट केले. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो. दोन कानांतले हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवतो.

१९३१ च्या डिसेंबरात इंग्लंडमधले अभियंता अॅलन ब्लुमलाइन यांनी दोन चॅनेलच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या स्टिरिओचा पाया त्यात आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने दुसरी वाट धरली. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवण्यात आला. तिथे नियंत्रणाची सूत्रे वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या हाती होती. माइक तीन, तारा तीन आणि स्पीकरही तीन. दोनच स्पीकर ठेवले तर कडेला बसलेल्यांना सगळा वृंद जवळच्या बाजूला सरकलेला वाटतो. मधला तिसरा स्पीकर तो मध्यभागी धरून ठेवतो. आजच्या होम थिएटरमधला सेंटर स्पीकर नेमके हेच काम संवादांसाठी करतो.

चौथी पट्टी

मागचा स्पीकर आला तो चित्रपटगृहातून. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात डिस्नेचा ‘फँटेशिया’ प्रदर्शित झाला. त्याचे संगीतसंचालन स्टोकोव्स्की यांचेच होते. चित्राच्या फिल्मबरोबर दुसरी एक फिल्म चाले. तिच्यावर आवाजाचे तीन ट्रॅक आणि आवाजाची पातळी हाताळणारा चौथा ट्रॅक होता. काही प्रसंगांत प्रेक्षागृहाच्या भिंतींवरचे स्पीकरही वाजत. ‘फँटासाउंड’ नावाची ही यंत्रणा इतकी अवजड आणि महाग होती की ती मोजक्याच थिएटरांत बसवली गेली.

पुढचे पाऊल टाकायला टीव्हीची भीती कारण ठरली. घरी बसलेल्या प्रेक्षकाला परत आणायचे तर घरात मिळणार नाही असे काही द्यायला हवे होते. ३० सप्टेंबर १९५२ रोजी सिनेरामा आला. वळणदार रुंद पडदा, पडद्यामागे पाच चॅनेल आणि प्रेक्षागृहासाठी वेगळे चॅनेल अशी त्याची रचना होती. वर्षभरात, १६ सप्टेंबर १९५३ रोजी, ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट लागला. त्याच्या फिल्मवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या. तीन पट्ट्या पडद्यामागच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या स्पीकरांसाठी होत्या, तर चौथी प्रेक्षागृहातल्या स्पीकरांसाठी. ही चौथी पट्टी अरुंद असल्याने तिच्यात खरखर जास्त होती. शांत प्रसंगात ती ऐकू येऊ नये म्हणून त्याच पट्टीवर १२ किलोहर्ट्झचा सूर मुद्रित करत. तो सूर असेल तेवढाच वेळ मागचे स्पीकर चालू राहत.

सराउंड स्पीकरचा मूळ स्वभाव या चौथ्या पट्टीने ठरवला. पट्टी एक आणि स्पीकर अनेक, त्यामुळे बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर ओळीने लावलेल्या सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज येई. तो कुठल्याच एका ठिकाणाहून येत असल्यासारखा वाटत नसे. वादळ, गर्दी, चर्चमधला समूहस्वर अशा प्रसंगांपुरता त्याचा उपयोग होई. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून आवाज सर्वांपर्यंत पोचावा म्हणून स्पीकर उंच लावले जात. संवाद आणि संगीताचा भार पडद्यामागच्या मोठ्या स्पीकरांवर असल्याने भिंतीवरचे स्पीकर लहान असले तरी चालत. १९५५ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ने ७० मिलिमीटर फिल्मवर सहा ट्रॅक आणले. त्यातही पाच पडद्यामागे होते आणि सराउंड एकच.

मुंबईकरांच्या मनात ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाज यांची जोडी पक्की केली ती १९७५ च्या ‘शोले’ने. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. फेकलेले नाणे खाली पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली वाकून बघत, अशी आठवण त्या काळातले लोक सांगतात. पण चुंबकीय पट्ट्यांच्या प्रती महाग पडत आणि लवकर झिजत. त्यामुळे जगभर बहुतेक थिएटरांत नेहमीचा एकेरी ऑप्टिकल, म्हणजे फिल्मवरून प्रकाशाने वाचला जाणारा, आवाजच चालू राहिला.

घरात चार कोपरे

घरातल्या संगीताने या सुमारास स्वतंत्र वाट धरली होती. १९५८ पासून स्टिरिओ एलपी रुळली. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीने चार चॅनेलच्या टेप विकायला काढल्या आणि क्वाड्रोफोनीचा काळ सुरू झाला. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार सारखे स्पीकर आणि मध्ये श्रोता अशी तिची कल्पना होती. मागचा स्पीकर समोरच्याच्या बरोबरीचा असावा, ही मागणी इथे प्रथमच पुढे आली.

अडचण तबकडीची होती. तिच्या खाचेत दोनच चॅनेल मावतात. सीबीएसच्या एसक्यू आणि सान्सुईच्या क्यूएस पद्धतींत चार चॅनेल गणिती पद्धतीने दोनांत मिसळून मुद्रित करत आणि घरी डीकोडर ते पुन्हा वेगळे करी. पण वेगळे झालेले आवाज एकमेकांत बरेच झिरपत. जेव्हीसीच्या सीडी-४ पद्धतीत मागच्या चॅनेलांची माहिती ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवलेली असे. ती वाचण्यासाठी शिबाटा नावाची खास आकाराची सुई तयार करावी लागली. या पद्धती एकमेकांशी जुळत नव्हत्या. कोणता डीकोडर घ्यावा हे ग्राहकाला ठरवता येईना, आणि दशक संपण्याच्या आत क्वाड्रोफोनी बाजारातून उठली.

तिच्या अपयशाला श्रवणाचेही एक कारण होते. चौकोनी मांडणीत शेजारच्या दोन स्पीकरांत ९० अंशांचा कोन पडतो. समोरच्या जोडीला तो फार रुंद असल्याने मधला गायक डळमळतो. बाजूला तर त्याहून वाईट घडते. समोरचा डावा आणि मागचा डावा स्पीकर मिळून थेट डावीकडे वाद्याची प्रतिमा उभी करू शकत नाहीत, कारण दोन्ही कानांची तुलना करून दिशा ओळखण्याची युक्ती बाजूच्या आवाजांना नीट लागू पडत नाही. जर्मन संशोधक थाइले आणि प्लेंगे यांनी १९७७ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. बाजूचा आवाज हवा असेल तर बाजूलाच स्पीकर ठेवावा लागतो, हा धडा पुढच्या मांडण्यांनी घेतला.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये मायकेल गेर्झन यांनी अँबिसॉनिक्सचा सिद्धान्त विकसित केला. चॅनेल आणि स्पीकर यांची गाठ सोडवायची, सगळ्या दिशांचे ध्वनिक्षेत्र मुद्रित करायचे आणि श्रोत्याकडे असतील त्या स्पीकरांसाठी ते नव्याने उलगडायचे, असा त्यांचा विचार होता. बाजाराने तो तेव्हा उचलला नाही. पण स्पीकरच्या जागेपासून मुद्रण मोकळे करण्याची कल्पना पुढे वेगळ्या रूपात परतली.

डॉल्बी, प्रो लॉजिक आणि डायपोल

दोन चॅनेलांत चार मिसळण्याची क्वाड्रोफोनीची युक्ती चित्रपटांत मात्र यशस्वी झाली. डॉल्बी स्टिरिओमध्ये साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या दोन ऑप्टिकल पट्ट्यांतून डावा, मधला, उजवा आणि सराउंड असे चार चॅनेल निघत. चुंबकीय पट्टीचा खर्च वाचला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर थिएटरमालकांनी ही यंत्रणा झपाट्याने बसवून घेतली. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाउ’च्या ७० एमएम प्रतींत ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च यांनी सराउंडचे डावे आणि उजवे असे दोन भाग केले. प्रेक्षागृहात घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर त्यामुळे शक्य झाले.

फिल्मवरचे हे मिश्रण व्हिडिओ कॅसेटच्या दोन चॅनेलांतही जसेच्या तसे उतरे. १९८२ मध्ये ते घरी उलगडणारा डॉल्बी सराउंड डीकोडर आला आणि १९८७ मध्ये प्रो लॉजिक. प्रो लॉजिकने सेंटर स्पीकर घरात आणला. सराउंड चॅनेल अजूनही एकच होता. तो सात किलोहर्ट्झच्या वर कापलेला असे आणि सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाने उशिरा वाजे. हा उशीर मुद्दाम ठेवलेला होता. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान आधी आलेल्याची दिशा खरी मानतात, हे हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले होते. त्यामुळे समोरचा संवाद चुकून मागे झिरपला तरी तो समोरूनच आल्यासारखा वाटे.

अशा एकेरी, कापलेल्या आवाजासाठी महाग, पूर्ण पल्ल्याचा स्पीकर घेण्यात अर्थ नव्हता. मागचे स्पीकर लहान चालतात हा सल्ला या काळात घराघरांत रुजला, आणि त्या वेळी तो योग्यच होता. अडचण दुसरीच होती. थिएटरात ओळीने लावलेले अनेक स्पीकर आवाज पसरवतात. घरात दोनच असतात आणि ते श्रोत्याच्या अगदी जवळ येतात. लुकासफिल्मचे टॉमलिन्सन होल्मन यांनी १९९० च्या सुमारास घरगुती टीएचएक्स मानक आखताना त्यावर डायपोल स्पीकरचा उपाय सुचवला. एकाच खोक्यात पुढे आणि मागे तोंड केलेली दोन युनिट असतात. एक हवा ढकलते तेव्हा दुसरे ओढते. खोक्याच्या कडेच्या दिशेला दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडतो. ती कड श्रोत्याकडे करून स्पीकर बाजूच्या भिंतीवर लावला की थेट आवाज जवळजवळ पोचत नाही. भिंतींवरून परतलेला तेवढा ऐकू येतो. आवाज कुठून येतो ते कळू नये, हा आग्रह इथून आला.

पाच अधिक एक दशांश

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट अभियंत्यांच्या समितीत डिजिटल ध्वनीसाठी किमान किती चॅनेल हवेत याची चर्चा झाली. होल्मन यांनी ५.१ हा आकडा मांडला. पाच पूर्ण पल्ल्याचे चॅनेल आणि फक्त खर्जासाठी सहावा. त्याचा पल्ला लहान म्हणून दशांश. जून १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आले आणि पुढच्या जूनमध्ये ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस. त्यात आवाज वेगळ्या सीडी-रॉमवर असे आणि फिल्मवरच्या खुणांशी तो जुळवला जाई. मागचे दोन्ही चॅनेल आता स्वतंत्र होते आणि समोरच्याइतकेच भरदार होते. डायनासोरची डरकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यातून काढायची असेल तर ती तिथूनच निघू शकत होती.

संगीताच्या बाजूने याच वर्षांत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, बीएस.७७५ ही शिफारस प्रसिद्ध केली. श्रोत्याभोवती एक वर्तुळ कल्पायचे. सेंटर समोर, डावा-उजवा ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, म्हणजे कानांच्या जरा मागे. सगळे स्पीकर शक्यतो एकाच जातीचे आणि समान अंतरावर ठेवायचे. थिएटरातले उंच, पसरट स्पीकर आणि आयटीयूचे वर्तुळ यांत मोठा फरक आहे. थिएटरच्या प्रमाणात समोरच्या प्रत्येक चॅनेलची पातळी ८५ डेसिबल धरतात आणि सराउंडची ८२. संगीताच्या स्टुडिओत सगळे चॅनेल समान असतात. चित्रपट आणि संगीत यांच्यासाठी सल्ले वेगळे का मिळतात, त्याचे मूळ या दोन परंपरांत आहे.

१९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली आणि ५.१ घरात पोचले. महाराष्ट्रात मात्र आधी व्हीसीडी घरोघरी गेली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ५.१ चे संच मिळत. पण व्हीसीडीवर दोनच चॅनेल असतात. मागच्या स्पीकरांना जे मिळे ते दोनांतून काढलेले, प्रो लॉजिकच्या जातीचे असे. मागचे चिमुकले स्पीकर पुरेसे आहेत, हा अनुभव तेव्हा खरा ठरला तो यामुळेच.

निव्वळ संगीतासाठी सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये एसएसीडी आणली. २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्हींवर पाच स्वतंत्र चॅनेल मावत. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे चार चॅनेलचे मिश्रण अॅलन पार्सन्स यांनी १९७३ मध्ये केले होते, जेम्स गथ्री यांनी केलेले ५.१ मिश्रण एसएसीडीवर २००३ मध्ये निघाले. अशा ध्वनिमुद्रणांत मागच्या स्पीकरांतून गिटार, कोरस, घड्याळांचे टोल नेमक्या जागेवरून येतात. डायपोलमधून ते विरघळून जातात. थेट श्रोत्याकडे तोंड करणाऱ्या साध्या स्पीकरची बाजू त्यामुळे बळकट झाली. दोन पद्धतींतल्या स्पर्धेने हे माध्यमही क्वाड्रोफोनीसारखेच आक्रसले. पण स्पीकरची पसंती बदलली ती कायमची.

छतापर्यंत

२००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेने ७.१ चॅनेल घरात आणले. बाजूला दोन, मागे दोन अशी सराउंडची विभागणी झाली. क्वाड्रोफोनीच्या काळातली बाजूची पोकळी भरून निघाली. जून २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी अॅटमॉस आले. त्यात एकेका आवाजाबरोबर त्याची अवकाशातली जागाही नोंदलेली असते आणि थिएटरात आहेत त्या स्पीकरांसाठी यंत्र तिथल्या तिथे हिशेब करते. एका वेळी १२८ ट्रॅक आणि ६४ स्वतंत्र स्पीकर फीडपर्यंत त्याची क्षमता आहे. स्पीकरच्या जागेपासून मुद्रण मोकळे करण्याचा गेर्झन यांचा हेतू इथे वेगळ्या मार्गाने साधला. २०१४ मध्ये अॅटमॉस घरगुती रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, आले, २०१९ पासून संगीतात आले आणि २०२१ मध्ये अॅपल म्युझिकमुळे सर्वदूर पोचले.

हिशेब करणारे यंत्र प्रत्येक स्पीकर ठरलेल्या जागी आहे असे धरून चालते. म्हणून अॅटमॉसमध्ये पसरट डायपोलला जागा उरत नाही. शिवाय त्यात उंचीवरच्या आवाजासाठी छतावर वेगळे स्पीकर असतात, तेव्हा बाजूचे आणि मागचे कानाच्या पातळीजवळ आणावे लागतात. तेही भिंतीवर चढवले तर वरचा आणि बाजूचा आवाज वेगळा कळत नाही.

आजची निवड

या इतिहासातून आज घर सजवणाऱ्याला काही स्पष्ट निष्कर्ष काढता येतात. थेट आवाज टाकणारा, समोरच्यांच्याच मालिकेतला बुकशेल्फ (फळीवर मावणारा) स्पीकर हा सराउंडसाठी सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. तो चित्रपट आणि संगीत दोन्हींना चालतो. त्याला मोठ्या वूफरची गरज नसते, कारण रिसीव्हर साधारण ८० हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे वळवतो आणि इतक्या खालच्या आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही. अॅटमॉस नसेल, चित्रपटांचाच संग्रह असेल आणि सोफा भिंतीवरच्या स्पीकरला अगदी लागून असेल, तर डायपोल आजही उपयोगी पडतो.

फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे मागे चार स्पीकर लावण्याचा हट्ट सोडून ५.१ ठेवावे आणि सराउंड बाजूच्या भिंतींवर, कानांच्या रेषेत किंवा जरा मागे लावावेत. जवळच्या माणसाच्या कानात आवाज घुसू नये म्हणून ते कानापेक्षा फूट-दीड फूट वर नेता येतात. समान अंतर जमले नाही तरी बिघडत नाही. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. समोरचा स्पीकर तीन मीटरवर आणि सराउंड दीड मीटरवर असेल तर साडेचार मिलिसेकंदांच्या आसपास फरक पडतो आणि रिसीव्हर तो उशीर देऊन भरून काढतो. पातळी मात्र चाचणीच्या आवाजाने प्रत्येक चॅनेलची वेगळी जुळवावी. छतात स्पीकर बसवणे शक्य नसेल, तर छतावर आवाज आपटवून खाली आणणारे स्पीकर मिळतात. त्यांना सपाट आणि कडक छत लागते. नऊ-दहा फुटांवरचा साधा स्लॅब त्यासाठी योग्य ठरतो.